उचलणारा आणि धरणारा

जॅक घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती टन उचलतो?’ हाच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सिलिंडर होनिंग करण्यात, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करण्यात, तेल अडवणारी सील बसवण्यात आणि गळके पंप उघडून बघण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. तेवढ्या काळात दुसरा प्रश्न कुणी आपणहून विचारल्याचं फारसं आठवत नाही. तो असा, की उचललेलं किती वेळ धरून ठेवायचंय? दोन मिनिटं, की दोन महिने? माझ्या मते खरेदी ठरते ती इथं. टन काय, पाटीवरच छापलेले असतात.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं ते भाचीमुळे. ताईची धाकटी. चिक्कोडीजवळच्या गावात वाढली, बेळगावात आमच्याकडे राहून शिकली, जनावरांची डॉक्टर झाली आणि आता टेक्ससमध्ये असते. नवरा तिथलाच, घोडे त्याच्या घरचेच. सहा घोडे मावतील असा त्यांचा एक मोठा ट्रेलर आहे. पुढच्या नाकाडात माणसांना झोपायची खोली, मागं घोड्यांचे तिरपे कप्पे. फोटो बघून आमची ही म्हणाली, “टिळकवाडीत एवढा फ्लॅट मिळायचा नाही.” ट्रेलर ओढायला पिकअप. पण जोड मागच्या बंपरला नसतो. ट्रेलरची मान हंसासारखी वर जाऊन पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर टेकते. तिकडं त्याला गूजनेक म्हणतात. पिकअप सोडायचा तर ही मान आधी उचलून धरावी लागते, आणि ते काम पुढच्या दोन लोखंडी पायांचं, म्हणजे जॅकचं. पायांना हँडल, हँडलला दोन गिअर. हलक्या गिअरमध्ये पाय भराभर उतरतात, भार आला की जड गिअर टाकून फिरवत बसायचं. या फिरवण्यानं तिचा उजवा खांदा कामातून गेला होता.

“मामा, तुझाच विषय आहे. इलेक्ट्रिक घेऊ, की हायड्रॉलिक? इथं जो तो आपलंच खरं म्हणतोय.”

मी म्हटलं, आधी वजन सांग. घोड्यांसकट नको, पिकअप सोडताना असतं ते.

“घोडे उतरवल्याशिवाय आम्ही पिकअप सोडतच नाही,” ती म्हणाली, आणि मग मलाच समजावून सांगितलं. घोडा ट्रेलरमध्ये मागून चढतो. त्याचं वजन ४५०-५०० किलो, आणि चढताना तो आसाच्या मागं उभा. ट्रेलर पिकअपला जोडलेला नसेल तर तेवढ्यानं पुढची मान उचलली जाऊ शकते. घोडा बिचकून पुढं सरकला की ती परत खाली आदळणार. त्यामुळं सुटलेल्या ट्रेलरमध्ये घोडा चढवायचा नाही, हा तिच्याकडं पहिला नियम. जॅक कितीही दणकट असला तरी हाच.

वजन तिनं पौंडात सांगितलं. सामानसुमान, पाण्याची टाकी धरून १५ हजार पौंड, म्हणजे साधारण ६८०० किलो. बंपरला जोडायच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या जोडावर येतो. गूजनेकमध्ये वीस ते पंचवीस टक्के. म्हणजे तिच्या दोन पायांवर मिळून १३६० ते १७०० किलो. त्यात ट्रेलर उतारावर नाक खाली करून उभा असेल तर थोडी भर. दहा-बारा हजार पौंड उचलणारे जॅक तिकडं सर्रास मिळतात, तेव्हा टनांचा प्रश्न तिथंच मिटला. पाटीवर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, उचलण्याचा आणि नुसता उभा भार पेलण्याचा. दुसरा मोठा असतो आणि जाहिरातीत तोच ठळक छापतात, एवढं फक्त तिच्या कानावर घातलं.

आपल्याकडं असला ट्रेलर मी रस्त्यावर पाहिलेला नाही. अथणी-कागवाड-रायबाग पट्ट्यात घोडागाडीच्या शर्यतींचं वेड आहे. तिथले घोडे ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून, नाहीतर पिकअपमधून येतात. खाली पेंढा, बाजूला बांबू बांधलेले, आणि तोंडाशी घरचा माणूस उभा. चढवायची सोय म्हणजे शेताचा बांध. गाडी मागं घेत बांधाला भिडवायची, फाळका पाडायचा, की घोडा सपाटीवर चालल्यासारखा आत. शर्यतीच्या माळावर बांध नसेल तर मातीचा ढीग. ही युक्ती मी भाचीला आठवण करून दिली तेव्हा ती म्हणाली, “मामा, इथं बांध शोधायला मला दुसऱ्या तालुक्यात जावं लागेल.”

पण ट्रेलरचं पुढचं टोक उचलून धरणं ही गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर, उगार, चिक्कोडी, सगळ्या वाटांवर ट्रॉल्याच ट्रॉल्या. ट्रॅक्टर एक ट्रॉली शेतात सोडतो आणि भरलेली दुसरी घेऊन कारखान्याकडं जातो. सोडलेली ट्रॉली टोळी दिवसभर भरत राहते. आता इथली गंमत बघा. ट्रॉली सोडली तेव्हा ती रिकामी, पुढच्या जॅकवर भार जेमतेम. संध्याकाळी ट्रॅक्टर परत येईपर्यंत त्याच जॅकवर उसाचा डोंगर. जॅकनं उचलला काडीएवढा भार, आणि धरला मात्र त्याच्या कितीतरी पट. तेही ओल्या काळ्या रानात. जॅकचा तळ चार इंची चौकोनी पत्रा असेल तर त्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. त्यावर दीड टन आला तर दर चौरस सेंटिमीटरला १५ किलो. पाणी प्यायलेली काळी माती एक किलोलासुद्धा कुरकुरते. मग जॅक मोडत नाही, वाकत नाही, गुपचूप जमिनीत जातो. ट्रॅक्टर आल्यावर ट्रॉलीचं नाक हुकाच्या खाली वीतभर, आणि मग पहारी, दगड, आरडाओरडा, टोळीतली सगळी माणसं एका बाजूला. जाणते ट्रॅक्टरवाले ट्रॉलीच्या पोटाशी एक जाड फळकूट बांधून ठेवतात. जॅकखाली ते टाकतात, मग जॅक कसलाही चालतो. भाचीला मी पहिली खरेदी हीच सांगितली, एक-एक फूट औरसचौरस दोन जाड फळ्या. तिकडं त्याच कामाचे प्लास्टिकचे रंगीत ठोकळे मिळतात म्हणे. मिळू देत.

त्याआधीची पद्धत अजून साधी होती. बैलगाडीचे बैल सोडले की जू हातानं उचलायचं आणि खाली शिपाई लावायचा, म्हणजे एक लाकडी दांडा. उचलायची ताकद माणसांची, धरायचं काम दांड्याचं. दांड्याला ना सील, ना मोटर. भरल्या गाडीखाली तो रात्रभर उभा राहतो आणि सकाळी आहे तिथंच असतो. यंत्रं आली तशी आपण ही दोन्ही कामं एकाच वस्तूच्या गळ्यात घातली.

आता स्क्रू की तेल. इलेक्ट्रिक जॅक म्हणजे आत लांब स्क्रू, वर बारा व्होल्टची मोटर आणि मध्ये गिअर. स्क्रूचे आटे अॅक्मे पद्धतीचे, म्हणजे जाड आणि तिरक्या कडांचे, असले तर भार स्वतःहून स्क्रू उलटा फिरवू शकत नाही. घर्षणच त्याला अडवतं. त्या घर्षणात मोटरची अर्ध्याहून जास्त मेहनत वाया जाते, पण धरून ठेवण्याची हमी त्याच वाया जाण्यातून येते. आट्यांत गोळ्या फिरणारा बॉल स्क्रू वापरला की जॅक हलका फिरतो, पण मग भारही त्याला उलटा फिरवू शकतो आणि ब्रेक लागतोच. दुकानदाराला हे विचारावं. नीट उत्तर मिळालं नाही तर दुकान बदलावं.

हायड्रॉलिकमध्ये भार तेलावर. पन्नास मिलीमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, एकच सिलिंडर धरला तरी त्याचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या वर जातं. १६०० किलोला दाब लागतो ऐंशी बारच्या आसपास (एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो), आणि दोन पाय असले की प्रत्येकात त्याच्या निम्मा. दोनशे बारचे पंप आम्ही रोज टेस्ट बेंचवर चढवायचो, त्यापुढं हे म्हणजे काहीच नाही. पंपाला घाम येत नाही, आवाज कमी, काम झटपट. बेळगावचा माणूस तेलाची बाजू घेणारच. फाउंड्री आणि हायड्रॉलिक यांवर या गावातली कितीतरी घरं उभी राहिली, माझंही त्यातलंच. तरीही भाचीला मी लगेच ‘हायड्रॉलिक घे’ म्हटलं नाही. तिला विचारलं, तुझ्याकडची जमीन कशी आहे?

“कसली म्हणजे? घरी खडी आहे, थोडा उतार. शोला गेलो की कुठल्याही माळावर लावतो.”

दोन पायांच्या ट्रेलरमध्ये सगळी गोम या उत्तरात असते. हँडलचे जुने पाय बघा. दोन्ही पाय एका आडव्या दांड्यानं जोडलेले, हँडल फिरवलं की दोन्ही सारखेच उतरतात. जमीन सपाट असेल तर उत्तम. एका पायाखाली खड्डा असला की तो पाय अधांतरी आणि सगळा भार दुसऱ्यावर. पायाच्या खालच्या भागाला भोकं आणि पिन असते, ती काढून पाय खाली सोडता येतो, पण भोकाच्या अंतराच्या पटीतच. हँडलच्या जागी मोटर बसवायचा संच तिकडं मिळतो आणि तो स्वस्तही पडतो. खांदा वाचतो, पण दांडा तोच, म्हणून खड्ड्याचं दुखणं तसंच राहतं.

तेल इथं जन्मजात शहाणं. एका पंपातून दोन सिलिंडरांना नळ्या गेल्या की तेल जिकडं अडथळा कमी तिकडं आधी धावतं. खड्ड्यावरचा पाय मोकळा, म्हणून आधी तो उतरतो. जमिनीला टेकला, त्याच्यावर भार आला, की मग दुसरा हलतो. शेवटी दोघांत सारखा दाब. जमीन वेडीवाकडी असली तरी भार निम्मा-निम्मा. कुणी मोजमाप केलं नाही, कुणी पिन हलवली नाही. हे काचेच्या नळ्यांत दाखवता आलं असतं तर शाळेतल्या पोरांनी पास्कलचा नियम कधी पाठ केला नसता.

पण हेच शहाणपण नंतर अंगावर येतं. दोन्ही सिलिंडर एकमेकांना उघडे राहिले आणि ट्रेलर जरा डावीकडं कलला, की डाव्यातलं तेल उजव्यात सरकतं. डावा आखडतो, उजवा लांबतो, ट्रेलर अजून कलतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशीच लॉक व्हॉल्व्ह पाहिजे. पंप सांगेल तेव्हाच उघडायचा, एरवी तेल जागच्या जागी बंद. पंपाशी एकच व्हॉल्व्ह बसवून पैसे वाचवलेले सेट मी पाहिलेत. त्यात कलण्याची भीती तर आहेच, शिवाय मधली नळी फुटली तर सगळंच खाली. सिलिंडरच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असला तर नळी फुटूनही पाय उभा राहतो, फक्त जमिनीवर थोडं तेल सांडतं. भाचीला मी सांगितलं, रंग, हमी, रिमोट, सगळं नंतर बघ. दुकानातल्या जॅकचा फोटो काढ तो सिलिंडरच्या तोंडाचा. तिनं काढले. पहिल्या सेटला व्हॉल्व्ह पंपाशी. दुसऱ्याला जागेवर.

मग जावईबापू फोनवर. त्यांची काळजी वेगळीच, बॅटरी. एवढं धूड उचलायचं तर केवढी बॅटरी लागेल? भाची मध्ये बसून भाषांतर करत होती. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. १६०० किलो, तीस सेंटिमीटर उचलायचे. काम झालं ४७०० ज्यूल, म्हणजे सव्वा वॉट-तासाच्या थोडं वर. पंपात, मोटरमध्ये दोन तृतीयांश वाया गेलं असं धरलं तरी चार वॉट-तास. बारा व्होल्टच्या बॅटरीतून एक-तृतीयांश अँपिअर-तास. गाडीच्या साध्या बॅटरीत पन्नास-साठ असतात. जावईबापूंना खरं वाटेना. पण उचलणं म्हणजे थोड्या वेळाचा मोठा हिसका. अर्ध्या मिनिटात ते काम करायचं तर चाळीसेक अँपिअर करंट लागतो. त्यासाठी जाड आणि आखूड वायर हवी, नाहीतर व्होल्टेज वाटेतच खाली बसतं. पिकअपकडून येणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटमधली चार्जिंगची तार बारीक असते. ती बॅटरी हळूहळू भरेल, पंप चालवणार नाही. म्हणून बॅटरी ट्रेलरच्या नाकातच, पंपाच्या शेजारी.

ही बॅटरी काम करून संपत नाही, पडून राहून संपते. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला काही टक्के उतरते, उन्हाळ्यात जास्त. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसून कडक होतो. टेक्ससचा उन्हाळा आपल्या अथणीला मागं टाकील असा. त्याला इलाज सोपा, वर दहा-वीस वॉटचं सौर पॅनल आणि मध्ये रेग्युलेटर. शिवाय हातानं चालवायची सोय प्रत्येक जॅकला हवीच. इलेक्ट्रिकला हँडल, हायड्रॉलिकला हातपंपाचा दांडा. हा दांडा ट्रेलरच्या आत नव्हे, बाहेर क्लिपमध्ये अडकवायचा. बंद ट्रेलरचं दार उघडायला चावी शोधताना अंधार पडलेला असतो, हे सांगायला अनुभव लागत नाही.

पडून राहण्यानं जॅकसुद्धा बिघडतो. ट्रेलर हिवाळाभर तिच्या अंगणात उभा असतो. सिलिंडरचा दांडा तेवढा काळ बाहेर निघून हवेत उघडा. त्यावरचं क्रोम कुठंतरी बारीकसं उडालं, दव पडलं, गंजाचा ठिपका आला, की वसंतात दांडा आत जाताना तो ठिपका सील फाडत जातो. आमच्याकडं दुरुस्तीला येणारे सिलिंडर उघडले की निम्म्यांची कथा हीच. काम करणारे सिलिंडर क्वचित यायचे, पावसाळाभर उघडे राहिलेले रांगेनं यायचे. आमचा एक टर्नर प्रत्येक वेळी दांड्यावर नख फिरवून “साकू, साकू” (कानडीत ‘पुरे, पुरे’) म्हणायचा आणि कपाळाला हात लावायचा.

शिवाय तेल थंडीनं आकसतं. एका अंशाला दहा हजारात सात भागांनी, असा ठोकळ हिशोब. चाळीस सेंटिमीटर उंच तेलाचा खांब घ्या, रात्रीत वीस अंशांनी उतार आला, तर खांब अर्धा सेंटिमीटर आखडला. कुठं गळती नाही, व्हॉल्व्ह ठणठणीत, तरी सकाळी मान खाली. दुपारी ऊन आलं की परत वर. हे माहीत नसलेला माणूस सील बदलायला निघतो आणि मेकॅनिकला दोष देतो.

म्हणून मी तिला जे सुचवलं त्याचे दोन भाग होते. उचलायला दोन पायांचं हायड्रॉलिक, प्रत्येक पायाला तोंडाशी व्हॉल्व्ह. आणि धरायला दोन लोखंडी घोड्या, म्हणजे टेकू, जाड पाइपच्या, आडव्या पिनेवर उंची बदलता येईल अशा. एका रात्रीसाठी कुठं थांबली तर जॅकवरच राहू दे. आठवड्याच्या वर उभा राहणार असेल तर जॅकनं थोडं वर घ्यायचं, चौकटीच्या जाड भागाखाली घोड्या लावायच्या, त्यांच्यावर भार सोडायचा आणि सिलिंडरचे दांडे पूर्ण आत घ्यायचे. दांडे तेलात झाकलेले राहतात, सीलवर ताण नाही, बॅटरी उतरली तरी काही बिघडत नाही. स्क्रूवाल्याला धरण्याची एवढी काळजी नसते, हे मी तिला स्वच्छ सांगितलं. सपाट सिमेंटवर एकच जागा असती, तर मी तिला जुन्या पायांवर मोटर बसवून मोकळं केलं असतं. अर्ध्या पैशात भागलं असतं. तिची जमीनच तशी नाही.

हायड्रॉलिकवाल्या दुकानदारानं घोड्या कशाला लागतात असं विचारलं म्हणे. त्याच्या मते त्याचा जॅक कितीही दिवस उभा राहतो. राहत असेलही. पण ट्रेलरच्या मानेखाली वाकून तिची पोरगी चेंडू शोधते, तेव्हा मला मध्ये लोखंड पाहिजे. तेल नको.

क्रम तिनं नवऱ्याला इंग्रजीत लिहून ट्रेलरच्या दाराला आतून चिकटवला. घोडे उतरलेले. चाकांना पुढून-मागून ठोकळे. पायांखाली फळ्या. मग जॅक जमिनीला टेकवणं, मग जोडाची खीळ आणि साखळ्या सोडणं, मग जॅकनं मान वर, मग पिकअप पुढं. निघताना उलटा, आणि शेवटी पाय पूर्ण वर गेलेत का हे खाली वाकून बघणं. अर्धवट वर घेतलेला पाय रस्त्याच्या उंचवट्याला आपटून वाकतो. जॅक वजनानं मोडतात त्यापेक्षा आडव्या धक्क्यानंच जास्त मोडतात. ठोकळे न लावता सोडलेला ट्रेलर वीतभर पुढं सरकला तरी तोच धक्का.

आता वाद उरलाय रिमोटचा. संचाबरोबर वायरलेस रिमोट येतो, पिकअपच्या सीटवर बसून पाय उतरवता येतात. जावईबापूंना तो हवा. माझं म्हणणं, बटण वायरचंच असावं आणि ते पायाजवळ असावं, म्हणजे दाबणाऱ्याला पाय कुठं टेकतोय ते दिसतं. भाचीनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि रिमोट मागवलाय. “आरशात दिसतं की मामा,” म्हणते. आरशात एकच पाय दिसतो, हे मी तिला अजून फोनवर पटवतोय.